सदतीस तास, दोन किलोमीटर

पिम्पा: दिवा विझवायला मला दोन मिनिटं लागतात, मावशी. पण मग परवा तो परत पेटेल आणि तुम्ही परत त्या भाच्याला ड्रायव्हर करून इथे याल.

बुआपान: परवाचं परवा. तू आज विझव. आज दोन घास पोटात गेले ना त्यांच्या, तरी मला पुष्कळ आहे.

पिम्पा: कुणाच्या, काकांच्या? गाडीच्या दिव्याचा आणि काकांच्या जेवणाचा काय संबंध?

बुआपान: आहे संबंध. तू दिवा बघ.

पिम्पा: आणि काका कुठेत?

बुआपान: समोर बघ ना, नूडलवालीच्या बाकावर. दहा दिवस झाले, पिम्पा. सकाळी चार चमचे पेज, की दिवसभर काही नाही. ताट पुढे केलं की म्हणतात, पोचलोच नाही तर जेवू कसा. तू हसू नकोस.

पिम्पा: मी कुठे हसतेय. इनपेंगकाकांच्या व्हॅनमधून, त्यांच्या सकाळच्या फेरीला, सहा वर्षं शाळेला गेलेय मी. उशीर झाला तर गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत उभे राहायचे, आणि आतले प्रवासी मला शिव्या द्यायचे. बरं, सरका जरा, हे यंत्र लावू दे.

बुआपान: हे काय असतं?

पिम्पा: स्कॅनर. गाडीला एक डोकं असतं, सगळीकडे लक्ष ठेवणारं. कुठे काही बिनसलं की ते पिवळा दिवा लावतं आणि काय बिनसलं ते लिहून ठेवतं. दिवा नुसता ‘बघा जरा’ म्हणतो. काय बघायचं, ते या यंत्रानं वाचायचं. लोक काय करतात, दिव्यालाच रोग समजतात. कुणी चिकटपट्टी लावतं, कुणी बॅटरीची वायर काढून परत लावतं. दिवा जातो, रोग तिथेच. ...मावशी, इथे काचेवर हे सोनेरी काय लागलंय?

बुआपान: कुठे?

पिम्पा: इथे, बरोब्बर दिव्यावर. सोन्याचा वर्ख आहे हा.

बुआपान: आहे थोडा. निघाला आता बराचसा.

पिम्पा: मूर्तीला लावतात तो वर्ख तुम्ही चेक इंजिनच्या दिव्याला लावलात?

बुआपान: मग काय करू? गाडीची रखवालदारीण रागावली असं वाटलं मला. मे यानांग. गाडी नुसती दारात उभी, कुठे नाही जात, कुठे नाही येत. ती काय बसून राहणारी देवता आहे? एक दिवस बघते तो तिचा डोळा पिवळा पेटलेला. मी त्याच्यावरच मोगऱ्याचे हार सोडले, म्हणून यांना तेव्हा दिसला नाही, लाल सरबताच्या बाटल्या ठेवल्या, केळी ठेवली. नऊ दिवस. डोळा काही मिटेना. मग म्हटलं, वर्ख लावावा. शांत होईल.

पिम्पा: झाली?

बुआपान: झाकला गेला ना दिवा. मला वाटलं झाली. महिनाभर सगळं सुरळीत होतं. मग उन्हानं वर्ख सुटला आणि दिवा यांना दिसला.

पिम्पा: थांबा, थांबा एक मिनिट. हे काय लिहिलंय? दिवा पेटल्यापासून गाडी चाललीय दोन किलोमीटर.

बुआपान: बरोबर आहे. आमच्या घरापासून इथपर्यंत. आजच.

पिम्पा: आणि दिवा पेटल्यापासून इंजिन चाललंय सदतीस तास.

बुआपान: असेल.

पिम्पा: असेल काय असेल? सदतीस तासांत माणूस बँकॉकला जाऊन येतो, दोनदा. आणि ही गाडी गेली दोन किलोमीटर. चूक पकडली त्या क्षणाची नोंदही आहे बघा: इंजिन गरम, वेग शून्य. मावशी, तो तुमचा भाचा काही भानगड करतोय. आत एसी लावून झोपत असेल दुपारचा. नाहीतर कुणाला घेऊन बसत असेल.

बुआपान: त्या पोराच्या नावानं काही बोलू नकोस. तो गरीब आहे.

पिम्पा: मग डिझेल कोण जाळतंय? मी बोलते त्याच्याशी. बोलावते इथेच.

बुआपान: पिम्पा, बस खाली. नको बोलावूस. आम्हीच जाळतो. मी आणि ते.

पिम्पा: दारात उभ्या गाडीत?

बुआपान: दारात उभ्या गाडीत. रोज. तुला म्हणून सांगते, ओरथायला अजून सांगितलेलं नाही. लेक आहे माझी, पण तिला कळलं तर उद्याच्या उद्या येऊन आम्हाला दोघांना बँकॉकला तिच्या त्या सोळाव्या मजल्यावर नेऊन ठेवेल. आणि गाडी विकून टाकेल. फोनवर रोज तेच चालू असतं तिचं.

पिम्पा: मी नाही सांगणार. बोला.

बुआपान: दोन वर्षांपूर्वी स्टँडवरच्या लोकांनी त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली, ते ठाऊक आहे ना तुला. चांगुलपणानंच घेतली. रोंगक्वांगचा फाटा चुकले होते, अकरा माणसं मागे बसलेली. डॉक्टर म्हणाले, आता असंच उतरत जाणार, औषधानं फार तर वेग कमी होईल. पण दुपारचे दोन वाजले की ते उठतातच गं. फ्रे ते नान, दोनची गाडी. एकतीस वर्षं. अंगात शर्ट चढवतात, केस विंचरतात आणि दाराशी येऊन उभे. दार लावलं तर दारावर हात आपटतात. म्हणतात, माणसं उन्हात उभी आहेत, बाई, दार उघडा. मी रडायचे. मग एक दिवस म्हटलं, जाऊ दे, बसवूया.

पिम्पा: चालवायला?

बुआपान: बसायला. भाच्यानं चारही चाकांखाली विटा लावल्या, गिअरला आतून तार बांधली, काय केलं त्याचं तो जाणे. गाडी हलत नाही एवढं खरं. ते पुढे बसतात, मी मागे. इंजिन लावतात. एवढं सुख वाटतं त्यांना त्या आवाजाचं की काय सांगू. मग निघतो आम्ही. स्टेअरिंग फिरवतात, घाट आला की रेस देतात, कुणी आडवं आलं की पुटपुटतात. आणि गावं पुकारतात. रोंगक्वांग. वियांगसा. नान. तासाभरात पोचतो. पूर्वी अडीच लागायचे.

पिम्पा: मावशी...

बुआपान: पोचले की उतरतात, हातपाय धुतात, आणि नानच्या खानावळीत जेवायला बसतात. म्हणजे आमच्याच ओट्यावर. खानावळवाली मी. कधी म्हणतात, बाई, तुमच्या हाताला चव आहे, आमच्या घरी अशीच चव असते. पोटभर जेवतात गं. मुठीएवढे भाताचे गोळे. झोपही लागते. दीड वर्षं आम्ही असे रोज नानला जातोय आणि मी तुला खरं सांगते, मला ते दिवस आवडतात.

पिम्पा: आणि दिवा दिसला त्यांना.

बुआपान: दहा दिवसांपूर्वी. बसले, इंजिन लावलं, आणि लगेच बंद केलं. म्हणाले, दिवा आहे, माणसं उतरवा. मी म्हटलं, छोटासा आहे, चला की. तर माझ्याकडे असं बघितलं आरशातून, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितलं. म्हणाले, दिवा पेटलेला असताना मी आजवर माणूस बसवलेला नाही. आणि उतरले. आता रोज दोनला येतात, चावी फिरवतात, दिवा बघतात, उतरतात. पोचत नाहीत म्हणून जेवत नाहीत. ओरथाय म्हणते, शक्तीचं औषध द्या. औषध काय देऊ? त्यांना नानला जायचंय. तू दिवा विझव, मी पाया पडते तुझ्या.

पिम्पा: पाया कसल्या पडताय. लाजवू नका मला. विझवते. पण आधी ऐका, म्हणजे तुम्हाला पटेल मी का आढेवेढे घेतेय ते. नुसता विझवला तर इंजिन परत तेच लिहील आणि दिवा परत पेटेल, आठ दिवसांत म्हणा, पंधरा दिवसांत म्हणा. तेव्हा तुम्ही काय कराल? आणि ते परत जेवायचे थांबले की?

बुआपान: मग काय झालंय तरी काय गाडीला?

पिम्पा: या गाडीत एक व्हॉल्व्ह असतो. सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात वळवतो तो. गाडी रस्त्यावर पळत असली की इंजिन चांगलं तापतं, धूर नीट जळतो. उभ्या उभ्या चालवली की तो अर्धवट जळतो, काजळी धरते. तुमच्या चुलीचं धुराडं कसं चोंदतं, तसं. हा व्हॉल्व्ह चोंदलाय. मोडलेलं काही नाही.

बुआपान: म्हणजे आमच्यामुळेच झालं.

पिम्पा: तुम्ही नानला जाता, पण गाडी जात नाही. एवढंच.

बुआपान: मी म्हटलंच होतं की मे यानांगला बसून बसून कंटाळा आलाय.

पिम्पा: बरोबरच म्हणाल्या होतात. फक्त वर्ख लावायला नको होता. ... मावशी, काका उठले. इकडेच येतायत.

बुआपान: येऊ दे. त्यांच्यासमोर मला मावशी म्हणून हाक मारू नकोस, गोंधळतात. ते बोलतील तसं बोल.

इनपेंग: नमस्कार. कारागीर कुठे गेले?

पिम्पा: मीच, काका.

इनपेंग: बाईमाणूस? बरं. हात काळे आहेत, म्हणजे काम येतं. गाडी काय म्हणतेय?

पिम्पा: तुम्हीच सांगा. तुम्ही चालवता. इंजिन लावते, कान द्या.

इनपेंग: लावा. ...हं. थोडी रेस द्या. सोडा. परत द्या. मागे जाऊन बघा, धूर काळा येतोय ना?

पिम्पा: काळा आहे.

इनपेंग: श्वास कोंडलाय हिचा. काजळी. ही गाडी कुणीतरी उभ्यानं चालवलीय, तासन् तास. डिझेलच्या गाडीला असं करू नये, तिला रस्ता लागतो. कोण मूर्ख असं करतो?

बुआपान: आहे एक.

इनपेंग: तुमच्या ओळखीतला आहे का?

बुआपान: जवळचाच आहे.

इनपेंग: मग सांगा त्याला. रागावू नका, नीट सांगा. काही लोकांना गाडीचं कळत नाही.

बुआपान: सांगेन.

पिम्पा: काका, मी व्हॉल्व्ह काढून साफ करते. दोन-तीन तास लागतील.

इनपेंग: लागू देत. माणसांना सांगा, दोनची गाडी आज उशिरा सुटेल. आणि दिवा गेल्याशिवाय मी कुणाला बसवणार नाही, ते कितीही ओरडले तरी. बाई, तुम्ही सावलीत बसा. तुम्हीही नानला का?

बुआपान: हो. मी थांबते.

(तीन तासांनी. बॉनेट बंद झालेलं आहे. पिम्पा हात पुसते आहे.)

पिम्पा: मूठभर काजळी निघाली, मावशी. डांबरासारखी. आता दिवा नाही, बघा.

बुआपान: गेला गं बाई.

पिम्पा: गेला, पण गेलेला राहायला हवा. आता तीस-चाळीस किलोमीटर गाडी पळाली पाहिजे, चढ लागला तर उत्तमच. तेव्हाच कळेल खरंच गेलाय का. आणि यापुढेही आठवड्यातून एकदा तिला रस्ता दाखवायचा. मग रोजचं तुमचं ओट्यापुढचं नान खुशाल चालू दे, गाडी तक्रार करायची नाही.

बुआपान: कोण दाखवणार रस्ता? मला चालवता येत नाही. भाच्याला कामाच्या वेळेतून निघता येत नाही. आणि ते... त्यांच्या हातात नाही देता येणार, पिम्पा. मी एवढी वेडी नाही.

पिम्पा: मी आहे की. रविवारी दुकान बंद असतं माझं.

बुआपान: तुझा एक दिवस सुटीचा, तो आमच्यात कशाला घालवतेस?

पिम्पा: सहा वर्षं गल्लीच्या तोंडाशी थांबायचे ते. एकदा मला ताप होता, परीक्षा होती. भरलेली गाडी सोडून आत घरात आले होते, आईला विचारायला, पोरगी येतेय का. अकरा माणसं वाट बघत होती. ते मला विसरले असतील, मी कशी विसरेन?

बुआपान: मला नव्हतं सांगितलं कधी.

पिम्पा: ते कुठे सांगायचे काही. अडचण वेगळीच आहे. मी चालवायला बसले तर ते बसतील का शेजारी? एकतीस वर्षं दुसऱ्याला हात लावू दिला नाही त्यांनी या स्टेअरिंगला. मला भीती वाटते, इथेच हातघाई व्हायची. तुम्ही समजावून बघता?

बुआपान: मी? मी समजावलं तर म्हणतील, बाई, तुम्ही प्रवासी आहात, प्रवाशासारख्या बसा.

इनपेंग: झालं का काम?

पिम्पा: झालं, काका. दिवा गेला. पण... रस्त्यावर नेऊन बघायला हवी. मी म्हणत होते, की मी जरा...

इनपेंग: त्यात विचारायचं काय? तुम्हीच चालवायची.

पिम्पा: मी?

इनपेंग: गाडी गॅरेजातून निघाली की पहिली फेरी कारागिराची. ड्रायव्हर शेजारी बसतो आणि कान देतो. आमच्या स्टँडचा नियम आहे. कारागीर स्वतः बसला नाही तर त्याला आपल्याच कामाची खात्री नाही, असं समजायचं. तुम्हाला आहे ना खात्री?

पिम्पा: आहे.

इनपेंग: मग निघा. बाई, तुम्ही मागे बसा, खिडकीपाशी. डोकं दुखेल नाहीतर घाटात.

बुआपान: बसते. पिशवी नीट पकडून बसते.

पिम्पा: काका, पट्टा लावा. हां. निघतो.

इनपेंग: पहिल्या गिअरला जरा हळू सोडा. क्लच हिचा वर धरतो. ...हं, आता ठीक. तुम्हाला येतं. आधी कुठे शिकलात?

पिम्पा: एका ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. रोज बघायचे.

इनपेंग: चांगला असणार.

पिम्पा: फार.

इनपेंग: दिवा?

पिम्पा: नाही. अंधार आहे तिथे.

इनपेंग: आवाज मोकळा झालाय. आता चौथा टाका. तिला पळू द्या थोडी, कितीतरी दिवसांनी पळतेय. ...ही भातशेती बघा. कापली की काय इतक्यात? दरवेळी इथून जातो, पण बघायला कुठे मिळतं. ड्रायव्हरनं रस्ता बघायचा असतो.

पिम्पा: आज बघा. आज रस्ता मी बघते.

इनपेंग: बघतो. ...रोंगक्वांग.

पिम्पा: हो, काका. आलंच रोंगक्वांग.

इनपेंग: कुणी उतरणार आहे का?

बुआपान: नाही. इथे कुणी नाही.

इनपेंग: मग चला पुढे. थांबू नका, आता चढ लागेल. ...दिवा?

पिम्पा: नाही. आता काही येत नाही तो.

इनपेंग: मग सुटलो. बरं झालं. मला काळजी होती, दहा-बारा माणसं ताटकळत ठेवली होती मी. तुम्ही नाही रागावलात ना, बाई?

बुआपान: नाही हो. तुम्ही बरोबर केलंत.

इनपेंग: मला मागे वळून बघता आलं आज. नाहीतर एवढ्या वर्षांत कधी वळलोच नाही, नजर समोर. तुम्हाला मी आरशातच बघत आलोय. तुम्ही रोज असता.

बुआपान: रोज असते.

इनपेंग: आरशात एवढ्या थकलेल्या नाही दिसत. कुठे उतरता तुम्ही?

बुआपान: तुम्ही उतरता तिथेच.

इनपेंग: मी तर शेवटपर्यंत जातो.

बुआपान: मीही.

इनपेंग: मग लांबचा पल्ला आहे आपला. काही खाल्लंय का तुम्ही?

बुआपान: नाही. दहा दिवस झाले, धड काही नाही.

इनपेंग: असं करू नये, बाई. पिशवीत काय आहे?

बुआपान: चिकट भात. भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा. थोडं सुकं मांस.

इनपेंग: उघडा की मग. अर्धं तुम्ही, अर्धं मी.

बुआपान: गार झालाय भात.

इनपेंग: असू दे.

बुआपान: मग हात पुढे करा.